लालपायीचा वाळा

वारा पडला होता. झोडलेल्या सूर्यफुलांचा ढीग ताडपत्रीवर सकाळपासून तसाच होता आणि थोरली हातात सूप धरून वाऱ्याची वाट बघत उभी होती. वारा असला की भरलेलं बी पायाशी पडतं, पोचट लांब उडतं. वारा नसला की दोन्ही एकात एक. डोक्याला बांधलेल्या फडक्याखालून घाम मानेवर उतरत होता आणि तिथं चिकटलेल्या भुशानं नुसती आग आग होत होती.

त्या साली पावसानं ऐन दाणा भरायच्या वेळी पाठ फिरवली. कणसं दिसायला ताटाएवढी, हात फिरवून बघावं तर निम्मी पोकळ. विहिरीवरची मोटर थोडं पाणी ओढायची, घशात अडकल्यासारखी खाकरायची आणि गप्प बसायची. थोरला रोज संध्याकाळी कठड्यावरून वाकून आत बघायचा आणि काही न बोलता घरी यायचा.

"टिक."

कुंपणापलीकडून आवाज आला. लगेच दुसरा. "टिक. टिक."

"झालं सुरू," थोरली म्हणाली.

थोरला बसून काठीनं कणसं झोडत होता. कंबर धरल्यापासून त्याला उभ्यानं काम होत नसे. "काय सुरू झालं?"

"धाकटीकडे पाहुणे आले. ऐकू येत नाही?"

"अगं, पाखरं आहेत ती."

"तेच म्हणते मी. पाखरंसुद्धा."

त्या 'सुद्धा'त काय काय भरलेलं होतं ते थोरल्याला ठाऊक होतं. त्यानं मुकाट्यानं पुढचं कणीस ओढून घेतलं.

धाकटीला या घरात आणली ती थोरलीनंच. दिरासाठी मुलगी बघायला स्वतः गेली आणि 'हसरी आहे, घर भरून टाकील' असं सासूला सांगून आली. झालंही तसंच. नको तितकं झालं. कुठून तरी मांजर आलं ते धाकटीच्या उंबऱ्यावर. वासरानं दावं तोडलं की ते धाकटीच्या दारात. घराची वाटणी झाली तेव्हा सासूचं अंथरूण थोरलीकडे आलं, पण म्हातारी उन्हाला बसायची धाकटीच्या ओट्यावर. शहरात कामाला गेलेला थोरलीचा लेक फोन करायचा, आणि 'जेवलीस का' विचारून झालं की लगेच, 'काकू आहे का गं जवळ?' थोरली कुंपणावरून फोन द्यायची. पलीकडचं हसणं ऐकत भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची.

"जाऊबाई!" अशी धाकटीची दिवसातून सतरा वेळा हाक. थोरली पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे. ऐकू आलेलं असायचं. पण दुसरी होऊ द्यायची, तिसरी होऊ द्यायची, मग "काय गं?" म्हणायची. तेवढंच काय ते तिच्या हातात उरलं होतं.

पाखरवाली आली ती थंडी पडायला लागली तेव्हा. गळ्यात दुर्बीण, पायात जाड बूट, आणि बोलणं इतकं मऊ की म्हातारी म्हणाली, "हिच्या आईला कधी आवाज चढवावा लागला नसेल." पिवळ्या गळ्याच्या रानचिमण्या थंडीत कुठून कुठं जातात, कोण कोणाबरोबर फिरतं, पुढच्या साली त्याच परततात की दुसऱ्याच, याचा तिला माग काढायचा होता. तिनं तीन ठिकाणी चाऱ्याची नळकांडी टांगली. एक धाकटीच्या तुतीच्या झाडाला, एक थोरलीच्या दारापुढच्या खांबाला, आणि तिसरं तळ्याकाठच्या पंपघरावर. तिथल्या पंपवाल्याला चिमणी आणि वटवाघूळ यांतला फरक अंधार पडल्याशिवाय कळत नसे.

नळकांड्याच्या तळाशी दाणे टिपायचं भोक. भोकापुढे बसायला काडी. काडीभोवती तारेचं कडं, आणि कड्यातून निघालेली वायर खाली एका खोक्यात. जाळ्यात धरलेल्या चिमणीच्या पायात पाखरवाली एक वाळा घालायची. वाळ्यावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी बसवलेलं.

"यात सेल असतो?" थोरल्यानं विचारलं.

"नाही काका. वाळा आपला आपण मुकाच असतो. हे कडं सारखी हाक मारत असतं, आपल्या कानांना न ऐकू येणारी. पाखरू काडीवर बसलं की हाक वाळ्यापर्यंत पोचते, आणि त्या हाकेच्याच जोरावर वाळा आपला नंबर सांगतो. मग खोकं टिक करतं, हिरवा दिवा लागतो आणि नंबर आत लिहिला जातो. पाखरू लांब गेलं की वाळा परत मुका. सेल नाही म्हणून तर तो पाखराच्या जन्माला पुरतो."

ओट्यावर बसलेल्या म्हातारीनं डोळे मिटून हात जोडले. "म्हणजे ओ द्यायची ताकदसुद्धा हाकेतच असते म्हणायची. देवा रे."

पहिली चिमणी जाळ्यातून सोडवली तेव्हा पाखरवालीला वाळा घालायला दोन्ही हात मोकळे हवे होते. "कोणीतरी धरा हिला. बघू, हात कोणाचा गरम आहे?"

दोघींनी हात पुढे केले. पाखरवालीनं आधी थोरलीचा तळवा चाचपला. काठी धरून धरून त्याला घट्टे पडले होते, भेगांत भुसा बसला होता. मग धाकटीचा चाचपला. "तुमचा चालेल," ती धाकटीला म्हणाली.

थोरलीनं हात फडक्याला पुसला, जणू तो ओला होता.

त्या चिमणीला वाळ्याबरोबर ओळखीसाठी एक लाल पट्टीही घातली. धाकटीच्या मुठीत तिचं काळीज असं धडधडत होतं की धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगंबाई, घाबरली! सोडते हं, सोडते. लालपायी गं माझी."

लालपायी उडाली ती तुतीवर बसली, आणि मग रोज तिथंच.

थंडी सरली की तिन्हींपैकी जिथं पाखरं जास्त येतील ते एकच नळकांडं कायम ठेवायचं ठरलं होतं, आणि त्या घरातल्या कोणाला तरी वर्षभर राखणीचं काम मिळणार होतं. दाणे भरायचे, पाणी ठेवायचं, कडं पुसायचं. बसल्या बसल्या करायचं, पगाराचं काम. थोरल्यानं दगडाच्या खाणीवर नाव देऊन ठेवलं होतं. ही कंबर घेऊन तो खाणीवर काय उचलणार, या विचारानं थोरलीच्या हातातलं सूप मधेच थांबायचं. ते काम त्याला मिळालं तर?

"जाऊबाई, कोणाकडेही राहू दे," धाकटी म्हणाली होती. "दोघी मिळून बघू, मोठ्या भाऊजींच्या नावावर लावू."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. म्हणून तर थोरलीला जास्त लागलं. मिळालंच तर तेही हिच्या हातून मिळायचं!

"आणि मांजर?" थोरलीनं पाखरवालीला विचारलं. धाकटीच्यादेखत, मुद्दाम.

"मांजराचा मात्र धोका आहे. जिथं मांजर फिरतं तिथं नळकांडं ठेवता येत नाही मला. बांधून ठेवाल ना, ताई?"

"ठेवते की," धाकटी म्हणाली.

पहिल्या खेपेला पाखरवालीनं खोकी उघडून आतला हिशेब आपल्या पडद्यावर दाखवला. तीन ठिकाणांच्या तीन काठ्या. धाकटीची उंच, पंपवाल्याची मध्यम, थोरलीची बुटकी.

"आमची चिमण्यांना दिसत नसेल," थोरला हसत म्हणाला.

थोरली हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती उफणलेल्या बियांतलं भरलेलं, काळंभोर बी एकेक करून वेचू लागली आणि नळकांड्यात भरू लागली.

"अगं, पेरायचं बी आहे ते!"

"पेरायला पाणी आहे का विहिरीत? मग? तुम्ही झोडा तुमचं."

बोटांची टोकं सोलवटली. पण सकाळी ऊन पडलं की पलीकडून टिक टिक टिक, आणि इकडे क्वचित एखादं. कधी कधी तर धाकटीच ओरडायची, "जाऊबाई, तुमच्याकडे वाजलं! ऐकलंत?" हेही तिनंच सांगायचं.

एका सकाळी थोरली कडब्याच्या गंजीमागे काटक्या आणायला गेली आणि थबकली. पिसं पडली होती. बारीक करडी पिसं, त्यांत एक पिवळा चिमूटभर ठिपका. थोडं पुढे एक पंख, आणि एक पाय. पायात लाल पट्टी. पट्टीखाली वाळा.

"अरेरे," तिच्या तोंडून निघून गेलं. ती खाली बसली. धाकटीच्या मुठीतली ती धडधड तिला आठवली. पंख आणि पाय तिनं बोटांनी उकरून मातीत झाकले. पट्टीही पुरली. वाळा तेवढा काढून घेतला.

आणि मग डोक्यात आलं ते मांजर. दुसरं कोण? दोघींच्या दारांत मिळून एकच मांजर होतं. ती वाळा मुठीत धरून तरातरा कुंपणाकडे निघाली. आता सांगते. पाखरवालीलाही सांगते. आण म्हणावं आता कुठली उंच काठी.

कुंपणापलीकडे धाकटी म्हातारीचे केस विंचरत होती. फणी वर जायची आणि अलगद खाली यायची. म्हातारीचं तोंड उन्हात शांत, झोपेत हसावं तसं. थोरलीकडे झोपायची ती म्हातारी. थोरलीनं कधी फणी घेऊन बोलावलं नव्हतं असं नाही, म्हातारीच म्हणायची, 'राहू दे, तुला कामं आहेत.'

"जाऊबाई!" धाकटीनं मान वर केली. "या की!"

थोरली माघारी वळली. वळून आपल्या दारापुढच्या खांबाजवळून जाताना मूठ तारेच्या कड्याला घासून गेली, आणि—

"टिक."

हिरवा दिवा लागला. तिच्या दारात. तिच्या खांबावर.

ती उभी राहिली. मूठ पुन्हा कड्याजवळ नेली. टिक.

पोत्याच्या शिवणीतला एक करडा दोरा तिनं उसवला. वाळा त्यात ओवला आणि कड्याच्या खालच्या अंगाला, काडीच्या सावलीत बांधला. लांबून दिसू नये असा. थोडा थोडा वेळ जायचा आणि खोकं बोलायचं: टिक. संध्याकाळ झाली की ती दोरा सोडायची आणि वाळा डोक्याच्या फडक्याच्या गाठीत बांधायची. पाखरं दिवस मावळला की घरी जातात, एवढं तिला कळत होतं. खोटंच करायचं तर ते तरी रीतसर करावं!

त्याच दिवशी धाकटीच्या मांजराच्या गळ्यात घंटी आली. वासराची जुनी घंटी. मांजर चाललं की खण् खण् असा आवाज.

"मांजरालाही दागिना?" थोरली कुंपणावरून म्हणाली. "आता पैंजण करा एक."

एरवी धाकटी यावर खो खो हसली असती. आज ती नुसतं म्हणाली, "शोभतो ना?" आणि आत गेली. थोरलीला वाटलं, आपली टिकटिक झोंबली हिला. तिला फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

पाखरवाली पुढच्या खेपेला आली, खोकं उघडलं आणि भुवया वर केल्या. "अरे वा! लालपायी इकडे राहायला आली की! दिवसभर इथंच आहे."

"आमचं बी निवडलेलं असतं," थोरली म्हणाली. आवाज कुंपणापलीकडे पोचेल इतका मोठा.

मग धाकटी येऊ लागली. दुपारचं आवरून, फाटकी पोती आणि दाभण घेऊन ती खांबासमोरच्या दगडावर येऊन बसायची.

"कुठं आहे?"

"आत्ताच उडाली. तू आलीस आणि उडाली."

"रुसली असेल माझ्यावर."

"पाखराचं काय, जिथं दाणा तिथं मन." थोरलीनं हे बोलून धाकटीच्या तोंडाकडे बघितलं. धाकटीनं दाभण पोत्यात खुपसलं, दोरा ओढला, मान खालीच. थोरलीच्या जिभेवर साखर ठेवल्यासारखं झालं. आजवर सगळं जग हिच्या दारात जाऊन बसलं. आज ही माझ्या दारात येऊन बसली, आणि तिला हवं ते माझ्याकडे आहे.

"बस," ती म्हणाली. "येईल परत. पाणी आणू का?"

असं 'बस' तिनं धाकटीला कधी म्हटलं होतं ते तिलाही आठवेना.

रोज असंच होऊ लागलं. धाकटी यायची, विचारायची, थोरली खोटं सांगायची. आणि मग दोघी बोलत बसायच्या, पोती शिवत, बी निवडत. विहिरीबद्दल, लेकाबद्दल, नवऱ्यांच्या घोरण्याबद्दल. "तुमचे निदान एका सुरात घोरतात," धाकटी म्हणायची, "आमचं म्हणजे विहिरीवरची मोटर!" थोरलीला हसू यायचं, ती ते दाबायची, आणि दाबलेलं नाकातून निघायचं. हसताना मधेच खोकं टिक करायचं. धाकटी खांबाकडे बघायची आणि लगेच नजर काढून घ्यायची.

इकडे नळकांड्यावर पाखरांची गर्दी वाढत होती. घंटीचा खणखणाट झाला की तुतीवरचा थवा भुर्रकन उठायचा आणि कुंपण ओलांडून थोरलीकडे यायचा. काडीवर जागा मिळेना. एकमेकींना चोची मारून चिमण्या बसायच्या, वाळे घातलेल्याही, बिनवाळ्याच्याही. थोरली बघत होती, पण तिचा सगळा जीव कानात होता. टिक वाजलं की तिला बरं वाटायचं. कोणामुळे वाजलं ते ती स्वतःच जाणत होती, म्हणून तिनं पुढे काही बघितलं नाही.

थंडी ओसरायला लागली तशी पाखरवाली आली. या वेळी खोकी उघडून ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"ताई, तुमच्याकडे तर बाकी कोणी येतच नाही. पूर्वी चार-दोन तरी यायच्या. आता एकटी लालपायी."

"एकटी का? किती वेळा वाजतं दिवसातून!"

"वाजलेलं नाही मोजत आम्ही. वेगवेगळी पाखरं किती आली ते मोजतो. एकच पाखरू हजारदा आलं तरी ते एकच." पाखरवाली कुंपणापलीकडच्या धाकटीकडे वळली. "आणि तुमच्याकडे पण एकदम कमी झाल्या आहेत. तळ्यावर मात्र वाढत चालल्यात."

"तळ्यावर?" दोघी एकदम म्हणाल्या. त्या पंपवाल्याचं नाव इतके दिवस दोघींच्याही मनाला शिवलं नव्हतं.

"उद्या सकाळी इथं जाळं लावते. ही लालपायी इतर कोणाला बसू देत नाही की काय, बघायचंय मला. पायाला काही इजा झाली असेल तर तेही बघू. ताई, तुम्हीच धरा हं तिला, तुमच्या हातातली ती."

 असं बोलावल्यावर धाकटी गप्प राहिलेली थोरलीनं पहिल्यांदाच पाहिली.

सकाळी धुकं होतं. दोन बांबूंना लावलेलं जाळं इतकं बारीक की त्यावर दव बसलं होतं तेवढंच दिसत होतं. थोरला घोंगडी पांघरून उंबऱ्यात बसला. म्हातारीला धाकटीनं धरून आणलं आणि दगडावर बसवलं. थोरलीनं त्या दिवशी वाळा टांगला नव्हता. पाखरवाली बाई समोर असताना कसा टांगणार? तो फडक्याच्या गाठीत होता, आणि एवढंसं ते, पण डोक्यावर धोंडा घेतल्यासारखं तिला वाटत होतं. आज खोकं गप्प राहणार. मग बाई विचारणार.

ऊन खांबावर आलं. पहिली चिमणी जाळं चुकवून काडीवर उतरली.

"टिक."

थोरली दचकली. हात आपोआप गाठीकडे गेला. वाळा होता की गाठीत.

"टिक." दुसरी उतरली. "टिक. टिक." पाखरवाली पडद्यावर वाकली. "ही वेगळी. ही पण वेगळी. ही तर पंपघराची! अहो, ही गेल्या महिन्यापासून कुठंच नव्हती, मी मेली समजत होते!" खोकं थांबेचना. काडीवर एक उतरायची, दुसरी तिला ढकलायची, टिक टिक टिक, तुतीवर कधी वाजलं नव्हतं इतकं. थोरला घोंगडी टाकून उभा राहिला, कंबर विसरून.

"कुठं होत्या या सगळ्या इतके दिवस?" पाखरवाली म्हणाली.

"इथंच होत्या," म्हातारी म्हणाली. "माझे डोळे गेलेत, कान नाही गेले. रोज किलबिलाट असतो."

"मग खोक्यानं का नाही लिहिल्या?" पाखरवालीनं कड्याभोवती बोट फिरवलं, आणि बोट थांबलं. करड्या दोऱ्याचं टोक. "असं एकदाच होतं. एखादा वाळा कड्याजवळून हललाच नाही तर. तो सारखी ओ देत राहतो आणि त्याच्या आवाजात बाकीच्यांची ओ ऐकू येत नाही. पण जिवंत पाखरू असं एका जागी..."

ती बोलायची थांबली.  थोरलीनं काडीवरच्या गर्दीकडे बघितलं. म्हणजे आल्या होत्या. सगळ्या आल्या होत्या, तिच्या दारात. आणि आपल्याच हातानं आपण त्यांची तोंडं बांधली.

"मॅडम," धाकटी म्हणाली. "लालपायी येणार नाही. ती मेली. माझ्या मांजरानं खाल्ली. सकाळी त्याच्या तोंडाला पिवळं पीस होतं. मांजर बांधते म्हणाले होते, पण बांधलं की रात्रभर रडायचं, म्हणून सोडायची मी. तुम्ही नळकांडं काढून न्याल म्हणून बोलले नाही. घंटी बांधली नुसती."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. घंटी. म्हणजे पहिल्या दिवसापासून हिला ठाऊक होतं. 'कुठं आहे' विचारत होती तेव्हा ठाऊक होतं. 'आत्ताच उडाली' ऐकत होती तेव्हाही. मग का येऊन बसायची?

"मग हे खोकं कोणाचा नंबर सांगत होतं?" पाखरवालीनं विचारलं.

धाकटी म्हणाली, "ते मला नाही माहीत."

तिनं थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही. न पाहता तिला झाकलं. आणि बघा माणसाचं मन कसं असतं! थोरलीच्या पोटात त्या क्षणीही आधी आग उठली ती हीच, की खरं बोलायलासुद्धा हीच पुढे. इथंही हिचीच काठी उंच. मग ती आग जिथं उठली तिथंच बसली.

तिनं डोक्याचं फडकं सोडलं. गाठ सुटेना. सोललेल्या बोटांना ती सुटेना म्हणून दातांनी सोडवली. वाळा तळहातावर घेऊन तिनं हात पुढे केला, तोच भेगांचा, घट्ट्यांचा.

"हा घ्या," ती म्हणाली. "मी टांगत होते. रोज. संध्याकाळी काढायची."

"का हो, ताई?" पाखरवालीचा आवाज अजूनही मऊच होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या दारात वाजावं म्हणून."

थोरला परत उंबऱ्यात बसला. त्यानं घोंगडी ओढून घेतली आणि जमिनीकडे बघू लागला. पाखरवालीनं वाळा कड्याजवळ नेला. टिक, खोकं म्हणालं, आणि पडद्यावर मेलेल्या चिमणीचा नंबर उमटला.

दोन्ही नळकांडी त्याच दिवशी निघाली. पाखरवाली रागावली नाही, पण थांबलीही नाही. "जिथं मांजर फिरतं तिथलं ठेवता येत नाही, आणि जिथला हिशेब बिघडलाय तिथलंही नाही. माझ्यावरचे विचारतील मला." वर्षभराची राखण पंपवाल्याला मिळाली. तो म्हणे पहिल्यांदा विचारत होता, "चिमण्यांना पाणी पंपानं पाजायचं का?"

हे ऐकून धाकटी हसली. थोरलीलाही हसू आलं, पण तिनं तोंड फिरवलं, कारण थोरला कमरेला पट्टा आवळत होता. दोघे भाऊ खाणीवर निघाले. धाकटा थोरल्याचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेऊन पुढे झाला. "दादानं फक्त चालायचं," तो म्हणाला. थोरली वळणापर्यंत बघत राहिली. थोरल्यानं मागं वळून हात केला नाही. कंबर वळत नव्हती, की मन, ते तिला कळलं नाही.

त्या दुपारी वारा सुटला. थोरलीनं उरलेला ढीग उफणायला घेतला. सूप वर गेलं की भुसा सोन्यासारखा उडून लांब जायचा आणि बी पायाशी सळसळत पडायचं. थोडंच पडायचं. खांबावर आता काही नव्हतं, नुसता खिळा. तरी चिमण्या आल्या, भुशात उतरल्या. कोणाच्या पायात वाळा, कोणाच्या नाही. मग सगळ्या एकदम उठल्या आणि तुतीवर जाऊन बसल्या. धाकटीच्या तुतीवर. मांजर आता खरोखर बांधलेलं होतं, आणि त्याचं रडणं आणि चिमण्यांचा गोंगाट एकातच चालला होता.

थोरलीच्या पोटात जरासं दुखलंच. सवयीनं.

"तुला ठाऊक होतं, तर येऊन का बसायचीस?" तिनं सकाळी धाकटीला कुंपणाशी गाठून विचारलं होतं. धाकटीनं चाळणीतले खडे वेचत उत्तर दिलं होतं, "तुम्ही 'बस' म्हणायच्या ना." आणि चाळणी उचलून आत गेली होती.

वाऱ्यात सूप हलकं झालं होतं. थोरलीनं ते पुन्हा भरलं, वर उचललं.

"जाऊबाई!"

तुतीखालून हाक आली. थोरलीचे हात वरच राहिले. दुसरी हाक व्हायची होती, तिसरी व्हायची होती.

"ओ," थोरली म्हणाली.